मिस्त्रींचा आवाज

घरात मिक्सर लावायचा असला तरी मिस्त्री आधी "हात!" म्हणून ओरडायचे. स्वयंपाकघरात त्यांची बायको एकटीच असे. ती वैतागून म्हणायची, "वर हायत बाप्पा, लावा आता!" हे उत्तर आल्याशिवाय त्यांचं बोट बटनाला लागत नसे. सौंसरला आमच्या समोरच त्यांचं घर होतं. त्यांच्याकडे आज चटणी आहे, हे सगळ्या गल्लीला कळायचं.

ही सवय जिनिंगमधली, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातली; तिथल्या मशीन ते सांभाळत. लाइट गेली की बायका रोलरमध्ये अडकलेली रुई काढायला हात घालत. लाइट आली की मिस्त्री "हात!" असा आवाज देत, प्रत्येक मशीनवरून "वर!" असं उत्तर येई आणि शेवटचं उत्तर ऐकून ते मोटर सुरू करत. त्यांचा आवाज कधी चुकला नाही, असं बायका सांगत.

एकदा चुकला. लाइट सारखी ये-जा करत होती, गेटवर ट्रक खोळंबला होता. सगळ्या बायका बाहेर चहाला गेल्या आहेत असं समजून मिस्त्रींनी आवाज न देताच बटन दाबलं. कुसुमबाई मात्र आत होत्या. त्यांचा उजवा पंजा गेला.

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "आवाज दिला होता?" मालक शेजारीच उभे होते. मिस्त्री म्हणाले, "हाव." कुसुमबाईंना दवाखान्यात विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "देल्ला असंन. मिस्त्री भाऊ आवाज देल्ल्याबिगर बटन दाबत नाईत. मलेच ऐकू नाई आला." चूक त्यांची ठरली आणि भरपाईचा दावा अडला.

मिस्त्री त्यानंतर दर शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला पायी जाऊ लागले. जिनिंगच्या प्रत्येक मशीनला त्यांनी स्वतः जाळी बसवली. कुसुमबाईंच्या घराचं गळकं छप्पर नीट केलं, एका हाताने कांदा चिरता यावा म्हणून पाटाला खिळे ठोकून दिले. कुसुमबाई म्हणायच्या, "काहून एवढं करून राहिले, भाऊ? गलती तं माही होती." हे ऐकलं की मिस्त्री चहा तसाच ठेवून उठायचे.

जिनिंगचा हंगाम मुहूर्ताने सुरू होतो. मशीनची पूजा होते, नारळ फुटतो, पहिला कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याला टिळा लावतात. त्या वर्षी पहिला ट्रॅक्टर आमचा होता, म्हणून मी हजर होतो. कुसुमबाईंनाही बोलावलं होतं. नारळ मिस्त्रींनी फोडायचा असे. ते नारळ हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "कुसुमबाई, त्या दिवशी मी आवाज देल्लाच नोता. साहेबापुढं मी खोटं बोल्लो."

मालक म्हणाले, "मिस्त्री, हे बोलायची ही वेळ नाही."

कुसुमबाई पुढे आल्या. "मंग माह्या कानाले काईच झालं नोतं?"

"नाई, बाई."

"नागपूरले जाऊन कान दाखवून आली मी. डाक्टर म्हणे, कान बिलकुल चांगले हायत. मी म्हटलं, हा डाक्टरच येडा हाय!" एक-दोघी हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. कुसुमबाई हसल्या नाहीत. "घरात कोणी हाक मारली तं मी दोनदा इचारते, मलेच मारली काय? तुमच्यापायी." एवढं बोलून त्या निघून गेल्या.

मिस्त्रींची नोकरी त्याच दिवशी गेली. छिंदवाड्याच्या कोर्टात जाऊन त्यांनी साक्ष दिली आणि कुसुमबाईंचा दावा मंजूर झाला. तिथल्या बाकावर दोघं शेजारी बसले होते. तरी मिस्त्रींनी माफी मागितली नाही. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाले, "कोन्त्या तोंडानं मागू?"

पुढे त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत पिठाची चक्की टाकली. दळण आणणाऱ्या बायका पट्ट्यापासून चार हात लांब उभ्या असल्या, तरी मिस्त्री "हात!" म्हणायचेच. बायका थट्टेने दोन्ही हात वर करून "वर!" ओरडायच्या.

एके दुपारी कुसुमबाई ज्वारीचा डबा डाव्या काखेत धरून आल्या. राहायच्या त्या बोरगावच्या रस्त्याकडच्या वस्तीत; वाटेत दोन चक्क्या सोडून आल्या होत्या. मिस्त्रींनी डबा घेतला, ज्वारी ओतली आणि बटनापाशी जाऊन उभे राहिले. बाकीच्या बायका कुसुमबाईंकडे पाहत राहिल्या.

"द्या ना आवाज," कुसुमबाई म्हणाल्या.

"हात!"

त्यांनी डावा हात उंच केला.

"वर," त्या म्हणाल्या. "ऐकू आला मले."