चिवड्याची बावीस पाकिटं: नॉटिंगहॅममधला प्रचाराचा वीकएंड

लोक नॉटिंगहॅमला किल्ला बघायला जातात, वुलटन पार्कातली हरणं बघायला जातात. मी गेले ती पत्रकं टाकायला. अश्विनीचा मेसेज आला तेव्हा मी लंडनमध्ये, हाउन्सलोच्या घरी इस्त्री करत होते. "कौन्सिलच्या पोटनिवडणुकीला उभी राहतेय, अपक्ष. वीकएंडला ये, चालायचे शूज आण."

अश्विनी माझी पुण्याच्या होस्टेलमधली रूममेट, मूळची नागपूरची. गेली चौदा वर्षं नॉटिंगहॅममध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. मेसमधल्या पोळ्या कच्च्या निघाल्या की आम्ही सगळ्या कुरकुरायचो आणि ती ताट घेऊन थेट वॉर्डनच्या टेबलावर ठेवायची, त्यामुळे मला फारसं नवल वाटलं नाही. तिच्या क्लिनिकसमोर उताराचा रस्ता आहे आणि त्यावर झेब्रा क्रॉसिंग नाही. गुडघे बदललेले, काठी टेकत येणारे तिचे पेशंट समोरच्या बसस्टॉपवरून जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतात. मागच्या हिवाळ्यात एक आजोबा तिच्या डोळ्यांदेखत पडले. चार वर्षं ती त्या क्रॉसिंगसाठी पत्रं लिहीत होती. शेवटी म्हणाली, मीच उभी राहते.

इथे व्हिसावर राहणाऱ्यांसाठी एक माहिती: भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे आपल्या भारतीय पासपोर्टवरही या देशात मत देता येतं, फक्त नाव नोंदवावं लागतं. मला हे माहीत होतं. सहा वर्षांत नोंदवलं मात्र नव्हतं. आपण इथे पाहुणे, उगाच कशाला यांच्या घरगुती भानगडीत पडा, असं काहीतरी डोक्यात होतं.

शुक्रवारी हाफ डे टाकून निघाले. हाउन्सलो सेंट्रलहून पिकॅडिली लाइननं किंग्ज क्रॉस, म्हणजे तासभर एकाच डब्यात बसून राहायचं, बदलाबदली नाही. शेजारच्याच सेंट पॅन्क्रसवरून नॉटिंगहॅमची ट्रेन, पावणेदोन तास. तिकीट दोन-तीन आठवडे आधी काढा. मी आयत्या वेळी काढलं आणि तेवढ्या पैशात स्पेनला जाऊन आले असते. परतीला मात्र शहाणपणानं कोच, म्हणजे लांब पल्ल्याची बस, घेतली, वेळ दुप्पट पण खिसा शाबूत. मे महिना होता, खिडकीबाहेर पिवळ्याधमक शेतांचे पट्टेच्या पट्टे जात होते. नॉटिंगहॅम स्टेशनच्या वरच ट्राम मिळते. दिवसभराचा पास पाच-सहा पौंडांत येतो.

दार उघडलं ते अश्विनीच्या आईनं. सुधाकाकू तीन महिन्यांसाठी नागपूरहून आल्या होत्या. वीज मंडळातून निवृत्त, इंग्रजी सगळं समजतं, बोलताना मात्र एकेक शब्द मोजून. घरभर फोडणीचा वास होता.

"ये बाई. ही पोरगी मला काही करू देत नाही," त्या पहिल्या मिनिटालाच म्हणाल्या. "माणसं येऊन राहिली, जाऊन राहिली, आणि ही त्यांना सँडविच देते. थंड सँडविच."

"आई, ते व्हॉलंटियर आहेत, व्याही नाहीत," आतून अश्विनी ओरडली.

शनिवारी सकाळी साडेनऊला अश्विनीच्या अंगणात आठ जण जमले. आमचा सेनापती ब्रायन, भूगोलाचा रिटायर्ड मास्तर आणि अश्विनीचा इलेक्शन एजंट. म्हणजे तिच्या निवडणुकीत कायद्यानं काही चुकलं तर जाब देणारा माणूस. पँटच्या एका पायाला सायकलची क्लिप लावलेली होती आणि ती त्यानं दोन्ही दिवस काढली नाही. त्यानं नियम सांगितले. घरात जायचं नाही. फाटक लावून घ्यायचं. हिरवळीवरून चालायचं नाही. वाद घालायचा नाही. आणि लेटरबॉक्समध्ये बोटं घालायची नाहीत, कारण आत कुत्रा असतो. त्यासाठी त्यानं प्रत्येकाला एक लाकडी उलथनं दिलं. पत्रक उलथन्यानं आत ढकलायचं, कुत्र्यानं चावलं तर लाकडाला.

काकूंनी उलथनं उलटसुलट करून पाहिलं. "पोळपाट कधी देणार?" त्यांनी मला हळूच विचारलं.

काकूंच्या आणि माझ्या वाट्याला एक छोटी गल्ली आली, बावीस घरं. ब्रायन पुढच्या गल्लीत गेला आणि काकूंनी पिशवी उघडली. आत चिवडा, झिपलॉकच्या पाकिटांत भरलेला. पहाटे उठून केलेला.

"रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जाऊ नये," त्या म्हणाल्या. "त्यातून मागायला चाललो आपण."

आता इथे मला कबुली द्यायची आहे. काकू नुसताच चिवडा देणार होत्या. पत्रक रबरबँडनं पाकिटाला लावायची अक्कल माझी. कागद कोण वाचतं, पण चिवडा खाताना वाचतील, असा माझा हिशेब. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, लोकांच्या कामातल्या चुका शोधायचा पगार घेते. प्रत्येक पाकिटावर मार्करनं 'यात शेंगदाणे आहेत' असं इंग्रजीत लिहिलं आणि आपण सगळ्या बाजूंनी विचार केला म्हणून स्वतःवर खूशही झाले.

सकाळ फार छान गेली. लोक दार उघडत, पाकीट बघून हसत. बारा नंबरला जोन नावाच्या आजी होत्या, दारात लाल ट्यूलिप. त्यांनी काकूंना 'डक' म्हटलं. इकडे सगळे सगळ्यांना तसंच म्हणतात, आपल्याकडच्या 'बाळा'सारखं. काकू पासष्टाव्या वर्षी कुणाची तरी बाळ झाल्यामुळे खुलल्या. जोनआजींनी दोन मिनिटं ट्यूलिपबद्दल सांगितलं, काकूंनी नागपूरच्या उन्हाबद्दल. कोण कुणाला मत देणार हा विषयच निघाला नाही.

गल्लीच्या तोंडाशी ब्रायन भेटला. मी उरलेलं एक पाकीट कौतुकानं त्याच्यापुढे धरलं. त्यानं आधी चिवडा पाहिला, मग रबरबँड, मग पत्रक. चेहरा बदलला.

"हे किती घरी दिलंत?"

"सगळ्या. बावीस."

तो फुटपाथच्या कठड्यावर बसला आणि वर्गात शिकवावं तसं शांतपणे समजावू लागला. पूर्वी इथे उमेदवार मतदारांना बिअर पाजून, जेवणं घालून मतं घेत. म्हणून कायदा झाला, मतासाठी खाऊपिऊ घालणं गुन्हा. त्याला 'ट्रीटिंग' म्हणतात. सिद्ध झालं तर निवडून आलेला माणूससुद्धा घरी जातो.

"अश्विनीच्या आईंच्या मनात वाईट काही नव्हतं, ते कुठलाही जज मान्य करील," तो म्हणाला. "पण पत्रक पाकिटाला का बांधलं होतं, हे त्या जजला समजावून सांगायची माझी इच्छा नाही. परत आणता आलं तर आणा."

घरी गेल्यावर मी अश्विनीला सगळं सांगितलं, रबरबँडसकट. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीत बसली. "चार वर्षं गं," एवढंच म्हणाली. मग आईकडे बघून, "जाऊ दे आई, तू कुणाच्या दारात जाऊ नकोस. बघू काय होईल ते."

काकू म्हणाल्या, "दिलेलं परत मागायचं? लहान पोरंही नाही मागत." आणि स्वयंपाकघरात गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

संध्याकाळच्या प्रचाराला आम्हाला सुट्टी मिळाली, म्हणजे हाकललंच. आम्ही ट्रामनं शहरात गेलो. ओल्ड मार्केट स्क्वेअर मोठा, मोकळा चौक आहे. कौन्सिल हाउससमोर दोन दगडी सिंह बसलेत आणि अख्खं शहर एकमेकांना भेटायला डावीकडच्या सिंहापाशी बोलावतं. जवळच्या एका गाड्यावर मशी पीज मिळाले. शिजवून गाळ केलेले वाटाणे, वर पुदिन्याचं आंबट पाणी. गेलात तर जरूर खा, दोन-तीन पौंडांत पोट भरतं. काकूंनी एक घास घेतला. "मीठ विसरला हा माणूस," म्हणाल्या, पण वाटी संपवली.

काकू सिंहापाशी टेकल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडे काम करते ना रेखा, तिला मागच्या निवडणुकीत प्रेशर कुकर मिळाला होता. वस्तीत सगळ्यांना वाटले. मी तिला काय काय बोलली होती माहीत आहे? कुकरवर मत विकते का, म्हटलं. ती म्हणाली, ताई, कुकर घेतला, मत कुठं दिलं. मी आठ दिवस तिच्याशी धड बोलली नाही."

मी म्हटलं, "काकू, कुकर वेगळा आणि मूठभर चिवडा वेगळा."

"काहून वेगळा? देणाऱ्याला वेगळा वाटते." त्यांनी वाटी कचऱ्यात टाकली, हात पुसले. "उद्या जाऊ. पण मागीन मी. तू मागं उभी राहा."

रविवारी साडेदहाला आम्ही पुन्हा त्याच गल्लीत. काकूंनी वाक्य पाठ केलं होतं: "सॉरी. माय मिस्टेक. नॉट फॉर व्होट. प्लीज गिव्ह बॅक." पहिल्या दारापाशी त्या बेल वाजवायच्या आधी मिनिटभर थांबल्या. पदर सारखा केला. ज्या बाईनं आयुष्यात कुणाचा डबासुद्धा रिकामा परत केला नाही, तिला हे करायला लावलं माझ्या रबरबँडनं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

पहिल्या घरातल्या बाईंनी न उघडलेलं पाकीट मुकाट्यानं आणून दिलं. तिसऱ्या घरातला तरुण बाप कडेवर मूल घेऊन आला आणि घाबरून म्हणाला, "मी तर सगळं संपवलं. आता अटक होणार का?" काकू हसल्या. आदल्या दुपारनंतर पहिल्यांदा. एकानं अर्धं पाकीट कपड्यांचा चिमटा लावून परत केलं. एकीला कृती हवी होती. काकूंनी तिला, ती गुरुवारच्या मतदानानंतर देईन, असं सांगितलं. कृतीसुद्धा ट्रीटिंगमध्ये बसते की काय, याची खात्री नव्हती.

आणि मजा अशी की आदल्या दिवशी दार उघडून हसणारी माणसं आज बोलायला लागली. का परत नेताय, कुणासाठी नेताय, ती उमेदवार कोण, तिला काय हवंय? मी मागे उभी राहून क्रॉसिंगबद्दल सांगत होते. एकोणीस नंबरचे आजोबा म्हणाले, "त्या रस्त्यावर पडलो होतो तो मीच." त्यांनी काठी दाखवली. पत्रकात त्या पडण्याचा उल्लेख होता, पण त्यांनी पत्रक वाचलंच नव्हतं.

बारा नंबरच्या जोनआजींनी पाकीट आतून आणलं, उघडलेलं नव्हतं. काकूंच्या हातात दिलं, पण सोडलं नाही.

"मतदान झाल्यावर हे खाता येईल का, डक?"

"फ्रायडे," काकू म्हणाल्या. "आय प्रॉमिस."

सतरा पाकिटं परत मिळाली. अश्विनीनं ती मोजली नाहीत, आईला फक्त घट्ट धरलं. ब्रायननं झाला प्रकार कागदावर लिहून ठेवला आणि पिशवी माझ्याकडे सरकवत म्हणाला, "हे या वॉर्डाच्या बाहेर न्या. जितकं लांब जाईल तितकं बरं." संध्याकाळच्या कोचमध्ये शेजारी एक नर्सबाई होत्या. मी पाकीट पुढे केलं आणि आधी विचारलं, तुम्ही राहता कुठे? लंडनजवळ, क्रॉयडनला, म्हणाल्या. मग निर्धास्त खाल्लं आम्ही दोघींनी, लंडन येईपर्यंत.

घरी आल्यावर उरलेली पाकिटं ओट्यावर रचली आणि कपडे बदलायच्या आधी लॅपटॉप उघडला. नाव, पत्ता, नॅशनल इन्शुरन्स नंबर. मतदार म्हणून नाव नोंदवायला मला पाच मिनिटं लागली. सहा वर्षं ती पाच मिनिटं सापडली नव्हती. परक्या गावातली बावीस दारं दोनदा वाजवून आल्यावर, आपण इथे पाहुणे आहोत हे स्वतःलाही पटेना.

गुरुवारी मतदान झालं. शुक्रवारी सकाळी अश्विनीचा फोन आला. एकतीस मतांनी हरली होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "रडू नकोस. निवडून आलेला माणूस स्वतः भेटायला आला, क्रॉसिंगची फाइल मागून घेऊन गेला. आता त्याला पत्रं लिहीन. थांब, आईशी बोल, तिला धीर नाहीये."

मला वाटलं काकू खचल्या असतील. चिवड्यानं हरलो का, असं विचारतील. मागून कढईचा आवाज येत होता.

"अगं, सकाळपासून चिवडाच करून राहिली," काकू म्हणाल्या. "ब्रायनला विचारलं. म्हणाला आता चालते. बावीसही घरं करून आली. पत्रक नाही, काही नाही, नुसता चिवडा."

"आणि बारा नंबर?"

"तिनं दार उघडलं आणि पाकीट हातात घ्यायच्या आधी सांगितलं, मी तुझ्या मुलीला मत नाही दिलं. म्हणाली, आमच्या घरी आजोबांपासून एकाच पार्टीला देतात, मला खोटं बोलता येत नाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार," काकू म्हणाल्या. "तिला दोन दिली."