देवाचा पीळ

गॅरेजात किस्से आपोआप साठतात, भिंतीवर ग्रीस साठतं तसे. कुणी मुद्दाम लावत नाही, आणि पुसायला गेलं की जास्तच पसरतं. सोलापुरात होटगी रोडच्या आतल्या बाजूला आमचं गॅरेज आहे. मी, मल्लप्पा आणि युनूसभाई, तिघांचं मिळून. तिघंही म्हातारे, तिघंही तिरसट, त्यात जास्त तिरसट मी. लोक म्हणतात, तात्या, तुमच्या गॅरेजचे किस्से ऐकून लई हसू येतं. येऊ दे की. हसणारा गाडीत बसलेला असतो. आम्ही गाडीखाली असतो.

खाली काय असतं ते सांगतो. इंजिनाच्या पोटाला ऑइलचं एक पसरट भांडं असतं. आम्ही त्याला चेंबर म्हणतो. रस्त्यातला दगड लागून ते फुटलं की नवीन बसवायचं. त्याला भोवतीनं बारके बोल्ट. बोल्ट ढिले राहिले तर ऑइल गळतं आणि चालत्या रस्त्यात इंजिन जाम होतं. मागनं ट्रक येत असला की विषय संपला. जास्त आवळले तर आतले आटे जातात, मग बोल्ट धरतच नाही, आणि गळायचं ते गळतंच. दोन्हीच्या मधली जागा केसाएवढी. ती जागा मल्लप्पाच्या बोटांना जन्मभर बरोबर कळत आली. मग त्याला शुगर निघाली. तेव्हापासून मला एकच धास्ती. ही बोटं बधिर झाली तर?

*

मल्लप्पा अक्कलकोटकडचा. बोलतो मराठी, शिव्या देतो कानडीत. जुन्या जीपांवर काम शिकला, तेव्हापासूनची त्याची एक रीत. सगळे बोल्ट आवळून झाले की स्वामींचं नाव घेऊन प्रत्येकाला वरनं एक जादा पीळ द्यायचा. "पयला पीळ आपला, ह्यो देवाचा." जुन्या इंजिनाचं लोखंड जाड होतं, ते देवाचा पीळ सोसायचं. नवी इंजिनं अ‍ॅल्युमिनियमची. त्यांना देव सोसत नाही.

नरसय्या म्हणून आमचा एक चादरीवाला गिऱ्हाईक आहे. पोरीच्या लग्नाच्या दिवशी त्याच्या गाडीचं चेंबर फुटलं. मल्लप्पानं नवीन बसवलं, आवळलं, आणि शेवटच्या बोल्टला देवाचा पीळ दिला. कट्‌ झालं. बोल्टचं डोकं त्याच्या हातात, धड आत अडकलेलं.

नरसय्या वाकून म्हणाला, "काय झालं हो?"

"देवानं घेतला," मल्लप्पा म्हणाला.

नरसय्यानं घड्याळ बघितलं, घाम पुसला. "मग देवालाच काढायला सांगा की. मुहूर्त त्यानंच दिलाय."

*

त्या दिवसापासून युनूसभाईनं धसका घेतला. मुळात माणूस भित्रा. पुढं आलेल्या गाडीचे बोल्ट त्यानं असे आवळले, जसं काय झोपलेल्या बाळाला टोपी घालतोय. गाडी टॉवेलच्या दुकानदाराची. तो घेऊन गेला आणि जरा वेळानं त्याचा फोन आला. रेल्वे फाटकाच्या अलीकडंच गाडी बंद पडली होती. मागच्या ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून वाचला. ट्रकचा बंपर आणि त्याची डिकी ह्यांच्यात हात जाईना एवढीच जागा.

आम्ही धावत गेलो. रस्ताभर ऑइलची काळी रेघ, थेट आमच्या दारातनं निघालेली. 

मी विचारलं, "शेठ, स्टेअरिंगसमोर ऑइलचा लाल दिवा लागला असंल की. दिसला न्हाय?"

"दिसला ना. डोळ्यात खुपत होता." त्यानं बोट दाखवलं. दिव्यावर पोराच्या वहीचं स्टिकर चिकटवलं होतं. हसरा ससा.

युनूसभाई तिथंच फुटपाथवर बसला. म्हणाला, "तात्या, मेरेकू नक्को आता चेंबर. मै हवा भरतूं."

*

मग मी टॉर्क पाना आणला. त्याच्यावर माप लावायचं, बोल्ट हवा तेवढा आवळला की पाना आपणहून टक्‌ म्हणतो. टक्‌ झालं की हात काढायचा, देवाला मध्ये घ्यायचं नाही. पण बारीक बोल्टाचा टक्‌ही बारीक, निम्मा कानाला, निम्मा हाताला कळणारा. म्हणून मी नियम केला. चेंबरवर माणूस असला की रेडिओ बंद, कॉम्प्रेसर बंद, तोंडं बंद. जो बोलंल त्याला मी पाना फेकून मारणार. एकदा मारलाही.

असंच एकदा युनूसभाई खाली होता. त्याला मीच परत घातला होता, शिव्या देऊन. वर मी, मल्लप्पा, गाडीचा मालक, सगळे माना खाली घालून उभे. एवढ्यात एक नवीन गिऱ्हाईक दारात आलं. आमच्याकडं बघितलं. गाडीखालनं बाहेर आलेले दोन पाय बघितले. त्यानं टोपी काढली, चपला काढल्या, माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

खालनं युनूसभाई म्हणाला, "अजून कोण न्हाय. तुमी बोलत ऱ्हावा, मग मीच जातूं."

*

बोल्ट आवळायचा क्रमही असतो. एका बाजूनं ओळीनं आवळत गेलं की चेंबर पापडासारखं वाकतं. मधला आवळला की त्याच्या समोरचा आवळायचा, थोडा थोडा, दोन-तीन फेऱ्यांत. क्रम चुकू नये म्हणून मल्लप्पानं बोल्टांना नावं ठेवली. ही सासू, समोरची सून. ही जाऊ, समोरची नणंद. एकीलाच आवळत बसलं की घर वाकडं होतं, असं त्याचं म्हणणं.

टॉर्क पाना यायच्या आधी एकदा एका बाईंची गाडी वर जॅकवर होती. मल्लप्पा खालनं, दुसऱ्या बाजूनं शिरलेल्या युनूसभाईला ओरडून सांगतोय, "सासूला आताच पुरतं आवळू नको. आधी सुनेला धर. मग सासूचा गळा शेवटाला बघू."

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. वाकून म्हणाल्या, "अहो, जरा हळू बोला. सासूबाई बाहेरच बसल्यात, त्यांना ऐकू चांगलं येतं."

*

आता हसू येणार नाही असा एक सांगतो.

चहा आला होता. उकळता. मी ग्लास कडेला धरून फुंकत होतो. मल्लप्पानं मात्र ग्लास मुठीत धरला होता आणि गप्पा मारत होता. मी म्हणालो, "आरं, भाजत न्हाय व्हय?" त्यानं हाताकडं असं बघितलं, जसा काय तो दुसऱ्या कुणाचा आहे. चटकन ग्लास खाली ठेवला. बोटं लालभडक झाली होती.

त्याच दुपारी तो चेंबर आवळत होता. मी शेजारी उभा. पाना टक्‌ म्हणाला. मल्लप्पा ओढतच होता. परत टक्‌. तो ओढतच होता. मी ओरडलो तेव्हा थांबला. बाहेर आला, पान्याकडं बघत म्हणाला, "खराब झालाय ह्यो. हाताला टिचकी लागलीच न्हाय."

युनूसभाईनं माझ्याकडं बघितलं. पाना खराब नव्हता. पण ते म्हणायचं कुणी? ह्या माणसाच्या हातातनं पाना काढून घेतला तर मागं काय राहतं, ह्याची भीती. नाही काढला तर एखाद्या घरातली सगळी माणसं ट्रकखाली जातील, त्याची त्याहून मोठी.

आम्ही चोरासारखं करायला लागलो. तो चहाला गेला की त्यानं आवळलेले बोल्ट युनूसभाई सोडायचा, मी परत आवळायचो. त्याला कळू नये म्हणून एकाचं चाललं की दुसरा दारात राखणीला.

एक दिवस मल्लप्पा काम संपवून उठला, हात पुसले, आणि आम्ही काही बोलायच्या आत म्हणाला, "चहाला जातो. तुमी तुमचं उरका." आणि जाता जाता, "आज राखणीला कोण न्हाय व्हय?"

*

ह्या उन्हाळ्यातली गोष्ट. मल्लप्पाची लेक शिवलीला माहेरी आली होती. परत सासरी नातेपुत्याला निघाली, मांडीवर तान्हं, जावई गाडी चालवत. गावाबाहेर पडायच्या आत दगड लागला आणि चेंबर फुटलं. ढकलत गाडी आमच्याच दारात.

मल्लप्पा स्वतः खाली शिरला. जुनं काढलं, जागा घासून पुसून घेतली, ऑइल गळू नये म्हणून कडेनं पेस्ट लावली, नवीन टेकवलं, बोल्ट हातानं धरवले. मग पाना घेतला. आम्ही रेडिओ बंद केला. बाळ रडत होतं, शिवलीलेनं त्याला घेऊन बाहेरची वाट धरली. एकदम शांत.

टक्‌ काही होईना. मी वाकून बघितलं. मल्लप्पा पाना छातीवर ठेवून आडवा पडला होता. डोळे उघडे.

"तात्या," तो म्हणाला. "हिकडं ये. तू आवळ. मी बॅटरी धरतो."

मी त्याच्या शेजारी आडवा शिरलो.  मल्लप्पानं उजेड बोल्टावर नाही, माझ्या मनगटावर धरला. मी ओढायला लागलो. तो म्हणाला, "साकु." कानडीत साकु म्हणजे बास. आणि लगेच पाना टक्‌ म्हणाला. पुढच्या बोल्टालाही तसंच. आधी साकु, मग टक्‌. सासू, सून, जाऊ, नणंद, सगळ्या झाल्या, एकदाही त्याचा साकु चुकला नाही.

मी सरकत बाहेर आलो. तो आला नाही. मी वाकून बघितलं तर मल्लप्पा मोकळ्या मुठीनं, पाना नाही काही नाही, प्रत्येक बोल्टाखाली हवेतच एक एक पीळ देत होता. ओठ हलत होते. मी नजर काढून घेतली.

पेस्ट सुकेपर्यंत थांबवलं, मग ऑइल भरलं. गाडी गेली. त्यानंतर आम्ही तिघांनी काही काम केलं नाही. मल्लप्पाचा फोन स्टुलावर, आम्ही भोवतीनं. एकदा वाजला. कुणी उचलेना. शेवटी युनूसभाईनं उचलला, तर कुणीतरी पंक्चरचं विचारत होता. युनूसभाईनं त्याला आयुष्यात ऐकल्या नसतील अशा शिव्या दिल्या.

ऊन उतरलं तेव्हा शिवलीलेचा फोन आला. मल्लप्पानं स्पीकरवर घेतला. "अप्पा, पोचलो."

"लाल दिवा?"

"न्हाय लागला."

"गाडीखाली बघ."

"अप्पा, बाळ झोपलंय मांडीवर—"

"बघ म्हणतो की."

गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. युनूसभाईनं डोळे मिटले होते. मग ती म्हणाली, "कोरडं हाय. ठणठणीत कोरडं."

मल्लप्पानं फोन खिशात टाकला. मी म्हणालो, "बघ, अजून माझा हात बरा हाय."

"तुझा हात?" मल्लप्पा उठला, टॉवेल खांद्यावर टाकला. "वरनं मी दिला होता म्हणून टिकलं."