मी टाकून दिलेली राजाची जोडी

खामगावातल्या एका जिनिंगच्या ऑफिसात आम्ही पाच जण दर रविवारी दुपारी पोकर खेळायचो. कापसाचा हंगाम संपला की तिकडं कोणी फिरकत नसे. मालकाच्या मुलानं पुण्याहून हा खेळ आणला होता, आणि प्लास्टिकच्या रंगीत चकत्यांची पेटीही. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. शक्यतांचा खेळ म्हणून मी तिथं ओढला गेलो, आणि पाचवीपासून माझ्या बाकावर बसलेल्या मित्रालाही मीच घेऊन गेलो. त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. बायकोला तो सांगायचा, शेगावला माल आणायला जातो.

एका शुक्रवारी त्याची बायको मला भाजीबाजारात भेटली. खुशीत होती.

"भाऊजी, औंदाची भिशी मी उचलली. चाळीस हजार आले. पावसाच्या आधी मागच्या खोलीवर स्लॅब टाकतो. पैसे ह्यायच्याजवळ देले, बँकेत टाकायले."

मी "छान झालं" म्हणालो आणि मेथीची जुडी पिशवीत टाकली.

त्या रविवारी मित्राचे पत्ते चालत नव्हते. तीनच्या सुमारास त्याच्या चकत्या संपल्या. त्यानं पँटच्या खिशातून एक पुडकं काढलं. शंभराच्या, पन्नासाच्या मऊ पडलेल्या नोटा, आणि त्यांना केसांना लावायचं पिवळं रबर. दुकानाच्या गल्ल्यातल्या नोटांना असं रबर नसतं; हे भिशीचेच पैसे होते. त्यानं दहा हजार मोजून दिले आणि चकत्या घेतल्या. माझ्याकडं पाहिलं नाही.

मी हळूच म्हणालो, "आज राहू दे. चाल, चहा पिऊन येऊ."

"बस ना बे. आता पत्ते येऊन राह्यले."

अर्ध्या तासानं तो डाव आला. पोकरमध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते असतात, मध्ये पाच पत्ते सगळ्यांचे उघडे पडतात. शेवटच्या पाचव्या पत्त्याला रिव्हर म्हणतात. आम्ही नदीच म्हणायचो. माझ्या हातात राजा आणि बदामची राणी. मध्ये राजा पडला, म्हणजे माझी राजाची जोडी झाली. मी दोनदा चकत्या लावल्या. बाकीच्यांनी पत्ते टाकून डाव सोडला, मित्र मात्र दोन्ही वेळा तेवढ्याच लावत माझ्या मागं आला. उघड्या पत्त्यांत दोन बदाम होते. नदीवर तिसरं बदाम आलं, सत्ती. त्याच्या हातात दोन बदाम असतील तर त्याचे पाच बदाम होऊन माझी जोडी गेली.

मध्ये पाच हजार जमले होते. त्यानं समोरच्या सगळ्या चकत्या पुढं ढकलल्या. आठ हजार.

सगळे माझ्याकडं वळले. 

हिशेब अवघड नव्हता. आठ हजार टाकून तेरा मिळणार होते. दहापैकी चार वेळा जरी तो खोटं बोलत असेल, तरी पाहणं, म्हणजे तेवढेच टाकून त्याचे पत्ते उघडायला लावणं, हेच बरोबर होतं. आणि बदामची राणी माझ्याकडं असल्यानं त्याच्याकडं बदाम असण्याची शक्यता थोडी कमीच होती.

पण मला हिशेबाची गरजच नव्हती. शाळेत गृहपाठ केलेला नसला की हा मास्तरांच्या डोळ्यांत डोळे घालून "घरी राह्यली वही" म्हणायचा. आता तो तसाच माझ्याकडं रोखून पाहत होता. त्याच्याकडं काही नव्हतं, हे मला माझं नाव ठाऊक असावं तसं ठाऊक होतं.

"काऊन विचार करून राह्यला? पाहाचं असन तं पाह्य," तो म्हणाला.

मी पाहिलं, तर त्याच्या बायकोच्या भिशीतले आठ हजार माझ्या खिशात येणार. नाही पाहिलं, तर त्याचं आजचं नुकसान भरून निघेल, तो उठेल, उद्या पैसे बँकेत टाकेल. मी पत्ते पालथे टाकले.

शेजारच्यानं ते उलटून पाहिले. "राजाची जोडी टाकली बे यानं!"

मित्रानं आपले पत्ते दाखवले. दहा आणि आठ. काहीच नाही. सगळे टेबल बडवून हसले. तोही हसला, खूप दिवसांनी इतका मोकळा. परतताना त्याच्या गाडीवर मागं बसून मला वाटत होतं, आपण एक चांगलं काम केलं.

पुढच्या रविवारी माझी स्पर्धा परीक्षेची ड्यूटी होती. तो अख्खं पुडकं घेऊन गेला. पाच वाजेपर्यंत त्यातलं काही उरलं नाही. शेवटचा मोठा डाव त्यानं तसाच खेळला, हातात काही नसताना सगळं पुढं ढकलून. मालकाच्या मुलानं साध्या जोडीवर त्याला पाहिलं.

सोमवारी तो कॉलेजच्या फाटकाशी उभा होता. दाढी वाढलेली.

"त्या दिवशी तुले समजलं होतं ना, माह्याजवळ काही नाही म्हून?"

"हो."

"मंग टाकले काऊन?"

"वहिनींनी भिशीचं सांगितलं होतं मला."

तो फाटकाला टेकला. मग म्हणाला, "तवाच घेतले असते तं दहा हजारात सुटलो असतो मी. मले वाटलं, आपल्याले जमून राह्यलं."

मग आवाज चढला. "आन माहीत होतं तं बोलाले काय झालं होतं? कीव आली माही?"

 बोललो असतो, तर त्याला तिथं कोणी नेलं हेही बोलावं लागलं असतं. आणि तो खेळ, ती रविवारची दुपार, मला बंद व्हायला नको होती. पत्ते टाकणं सोपं होतं.

संध्याकाळी आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. मीच सांगितलं, सगळं. वहिनी ओट्याशी उभ्या होत्या. नवऱ्याकडं न पाहता माझ्याकडं वळल्या. मला विचारलं, "बाजारात भेटले होते तवा तुम्हाले माहीत होतं, हे कुठी जातात?"

"हो."

त्यांनी गॅस बंद केला आणि आतल्या खोलीत गेल्या. मी वीस हजार देतो म्हणालो, तर मित्रानं माझ्यासाठी दार उघडून धरलं.

आम्ही दोघांनीही खेळणं सोडलं. रस्त्यात भेटलो की गाड्या थांबवतो, मुलांच्या मार्कांचं विचारतो, उन्हाचं बोलतो. मध्येच तो घड्याळ पाहतो आणि किक मारतो.