तिसरी प्लेट

साठच्या दशकात दुबईच्या खाडीकाठी माझं वर्कशॉप होतं. वर पत्रे, खाली वाळू. रत्नागिरीहून येताना फिटरचं काम तेवढं हातात होतं. बाकी सगळं मी इथे उभं केलं.

एका इंग्रज कंपनीला लाँचची इंजिनं दुरुस्त करून हवी होती. मॅनेजरने मला दारातूनच परत पाठवलं. "तुमच्याकडे सरफेस प्लेट नाही. इंजिनाचं तोंड सपाट झालं की नाही, कशावर ताडणार?" ती सपाट लोखंडी प्लेट विलायतेहून त्याच्याच एजन्सीमार्फत यायची. मागितली, तर म्हणाला, "नेटिव्ह वर्कशॉपला आम्ही देत नाही." ते मी अजून विसरलेलो नाही.

तेलाच्या कामावरचा एक वयस्कर जर्मन इंजिनिअर माझ्याकडे जीप आणायचा. माझ्या शिव्या ऐकून तो हसला. "उस्ताद, जगातली पहिली प्लेट कशावर ताडली असेल?"

मग त्याने आपल्या प्रोफेसरांबद्दल सांगितलं. गणितातून तत्त्वज्ञानाकडे वळलेला माणूस. विद्यापीठातली जागा गेली, तरी घरी बसून जन्मभर एकच गोष्ट लिहीत राहिला: विज्ञान मोजमापावर उभं आहे, मोजमाप हत्यारांवर, आणि हत्यारं माणसाच्या हातांवर. सपाटपणा आयता सापडत नाही, तो घडवावा लागतो.

"प्लेटी एकमेकींवर ताडून घडव," तो म्हणाला.

मी दोन ओबडधोबड लोखंडी प्लेटी घेतल्या. एकीला निळा रंग लावून दुसरीवर घासायची, रंग लागेल तो उंचवटा खरवडायचा. शेवटी रंग सगळीकडे सारखा उमटला.

"खलास!" मी म्हणालो.

"तिसरी घे. पहिलीशी जुळव, मग दुसरीवर ठेव."

ठेवली. रंग फक्त कडांना. पहिली फुगीर होती, दुसरी तितकीच खोलगट. म्हणून दोघी छान जुळल्या होत्या. पहिलीशी जुळवलेली तिसरीही खोलगटच झाली, आणि दोन खोलगट प्लेटी फक्त कडांना टेकल्या. मी संतापून स्क्रेपर वाळूत भिरकावला.

"यल्ला, चल, उचल," जर्मन म्हणाला. "प्रोफेसरसाहेबांचं म्हणणं हेच. दोघींचं जमलं म्हणजे खरं ठरत नाही."

आलटून पालटून तिघी जुळेपर्यंत मी खरवडत राहिलो. मग मॅनेजरला त्याच्या विलायती प्लेटसकट बोलावलं. त्याने ती माझ्या प्लेटवर घासली. रंग कडेपासून कडेपर्यंत उमटला.

"नशीब," तो पुटपुटला.

"नशीब?" मी उरलेल्या दोन्ही त्याच्यापुढे आदळल्या. "यांनाही लाव!"

त्याने लावली. दोन्हींवर तसाच रंग. पुढच्याच आठवड्यात त्याची इंजिनं माझ्या दारात आली, माझ्या दराने. शाबास मात्र तो कधीच म्हणाला नाही.