सात नंबरची बाटली

आमचे हे घाबरट आहेत, हे मला लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं. दाराला कुलूप लावून दोन पायऱ्या उतरले, परत चढले, कुलूप ओढून पाहिलं आणि मला विचारलं, तू पाहिलंस ना लावताना? मी म्हटलं, पाहिलं. तरी कोपऱ्यावरून एकदा परत गेलेच. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. मी कोपऱ्यावर उभी राहून वाट बघायला शिकले, हे काही सुधारले नाहीत.

पण केमिस्ट्रीच्या लॅबला असाच माणूस लागतो, अशी मी आपली मनाची समजूत घालायची. फादर लोकांची मुलांची शाळा, सातशे दांडगट पोरं, आणि लॅबमध्ये ॲसिडं, गॅस, काचा. तिथे बिनधास्त माणूस ठेवला तर आठ दिवसांत शाळेचा कोळसा होईल. हे तिथले अटेंडंट. अख्खी शाळा यांना लॅबमामा म्हणते, म्हणून मी आपोआप मामी. लॅबच्या नोकरीबरोबर शाळेमागचं दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालेलं. चॅपेलमधले वेदीचे कपडे आणि फादरांचे झगे धुवून इस्त्री करायचं काम माझ्याकडे.

सर फळ्यावर शिकवायचे, पण पोरांचे हात चालते करायचे ते यांनी. तार आधी ॲसिडमध्ये बुडव, ज्योतीत धरून स्वच्छ कर, मग पावडरीचा कण उचल, घाई करू नकोस. प्रिन्सिपल फादर व्हरांड्यातून निघाले की नुसत्या किल्ल्यांच्या आवाजानं वर्ग उभा राहायचा. यांच्यापुढे मात्र तीच पोरं टेबलावर बसून पाय हलवत शंका विचारायची. ह्यांचं उत्तर ठरलेलं. आपल्या डोळ्यांना दिसलं ते लिहायचं, शेजाऱ्याला दिसलं ते नाही.

त्या वर्षी यांना दोन मेमो मिळाले होते. पहिला गॅसचा कॉक उघडा राहिला म्हणून. तो खरं तर एका पोराचा प्रताप, पण नाव सांगतील तर हे कसले! दुसरा, काचेच्या नळ्यांचं आख्खं खोकं हातून पडलं म्हणून. दुसऱ्या मेमोत फादरांनी स्पष्ट लिहिलं होतं, तिसरा मिळाला तर लॅब सोडावी लागेल. लॅब सुटली की क्वार्टरही सुटलं. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी आम्ही बोचकी उचलून कुठे जायचं? तो कागद यांनी पाकिटात घडी करून ठेवला होता आणि दिवसातून दोनदा काढून वाचायचे. मी म्हटलं, पाठ झाला असेल तर आता द्या टाकून. हसले नाहीत.

आणि अशा मनःस्थितीत बोर्डाची प्रॅक्टिकल आली.

पुढचं मला नऊ दिवसांनी कळलं, पण घडलं तसं सांगते. प्रॅक्टिकलला प्रत्येक मुलाला एक नंबरची बाटली मिळते. आत पांढरी पावडर. ती कसली आहे हे मुलानं तपासून ओळखायचं. कुठल्या नंबरात काय भरायचं याची यादी आदल्या संध्याकाळी सर बंद पाकिटात देतात, आणि बाटल्या हे एकटे भरतात. सात नंबरात भरायचं होतं स्ट्रॉन्शियम, जे ज्योतीत धरलं की ज्योत लाल होते. कपाटात त्याच्या शेजारीच बेरियमची बरणी. तेही पांढरंच, पण ज्योत हिरवी होते. यांनी त्या संध्याकाळी प्रत्येक बाटली तीनदा तपासली म्हणे. तपासलं काय, तर नंबराची चिठ्ठी नीट चिकटली का! हात कुठल्या बरणीत गेला ते एकदाही पाहिलं नाही.

परीक्षा झाल्यावर बाटल्या लगेच धुवायच्या हा यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. तशा धुतल्या. मग बरण्या कपाटात लावताना स्ट्रॉन्शियमची बरणी हातात आली. नवी कोरी, झाकणावरचं सील जसंच्या तसं. बरणी उघडलेलीच नाही तर बाटलीत आलं कुठून? हे तिथेच स्टुलावर बसले. आणि उठून केलं काय, तर ते सील फोडलं, चमचाभर पावडर काढून बेसिनमध्ये सोडली. एवढा एकच पुरावा होता, तोही स्वतःच्या हातानं वाहून टाकला. घाबरट माणूस वाईट नसतो, पण घाबरला की काय करेल याचा नेम नसतो.

सात नंबरची बाटली बोर्डिंगमधल्या एका मुलाला आली होती. उंच, काटकुळा, सगळे त्याला बांबू म्हणायचे. त्याला जहाजावर जायचं होतं आणि तिथे डोळे आधी तपासतात. त्यानं हिरवी ज्योत पाहिली आणि बेरियम लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी यादीत पाहिलं, शून्य दिलं, आणि वर त्याला सांगितलं की लाल ज्योत हिरवी दिसत असेल तर डोळे दाखवून घे बाबा. प्रॅक्टिकलमध्ये वेगळं पास व्हावं लागतं, त्यामुळे त्या शून्यानं त्याचं आख्खं वर्ष बुडणार होतं.

दुसऱ्या दिवशी बांबू लॅबमध्ये आला आणि यांना म्हणाला, मामा, मला रंग दिसत नाहीत वाटतं. यांनी त्याच्याकडे न बघता परीक्षानळ्या पुसल्या.

सोमवारी तो माझ्याकडे आला. मी वेदीचा हिरवा कपडा दोरीवर टाकत होते. तो कपड्याकडे बोट दाखवून म्हणाला, मामी, हा हिरवाच आहे ना? मी म्हटलं, मग काय जांभळा आहे? थट्टा करायला आलास का? तो मागे फिरला. मी आपली करवादत राहिले, आजकालच्या पोरांना उद्योग नाही म्हणून. त्या पोराच्या जिवाला केवढा घोर होता, आणि मी त्याला हाकलून दिलं. ते आठवलं की अजून माझं मलाच वाईट वाटतं.

इकडे घरात हे जेवायचे बंद झाले. ताटावर बसायचे, दोन घास चिवडायचे, उठायचे. मी विचारलं की ॲसिडिटी. शनिवारी संध्याकाळी मात्र चॅपेलमधून आले ते जरा सैल होऊन आले. चहा मागून घेतला. मला वाटलं, चला, उतरलं काय असेल ते. रविवार तसाच बरा गेला. सोमवारपासून पुन्हा बिनसलं. येता-जाता खिडकीतून फादरांच्या ऑफिसकडे बघायचे. शिपाई दिसला की विचारायचे, फादरांनी बोलावलंय का मला? शिपाई म्हणायचा, नाही. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. शेवटी शिपाईच मला म्हणाला, मामी, मामांना प्रमोशन-बिमोशन मिळतंय का? एवढी कसली वाट बघतायत?

शुक्रवार उजाडला. सगळ्या तुकड्यांची प्रॅक्टिकल संपली की मार्कांचं पाकीट शुक्रवारी चारच्या आत बोर्डाच्या ऑफिसात पोचवायचं असतं, आणि ते न्यायचं काम दर वर्षी यांचंच. अडीच वाजता हे घरी आले. बगलेत लाखेचं सील केलेलं पाकीट. मला वाटलं, शर्ट बदलून निघतील. हे खुर्चीत बसले ते बसलेच. मी म्हटलं, अहो, बस चुकेल. तर माझ्याकडे बघून म्हणाले, "फादरांना सगळं माहीत आहे. तरी त्यांनी पाकीट बांधून माझ्याच हातात दिलं."

मग बांध फुटला. बाटली, बरणी, सील, बांबू, सगळं सांगितलं. माझ्या डोळ्यांसमोर तो हिरवा कपडा आला आणि संतापानं कानशिलं तापली. पण आधी एक कोडं सोडवायचं होतं. आमचे प्रिन्सिपल फादर कडक आहेत, पण खोटे नाहीत. माहीत असून मुलाचं वर्ष बुडवतील, हे मला पटेना. मी विचारलं, फादरांना तुम्ही सांगितलंत कुठे?

"शनिवारी. कन्फेशनला."

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे शनिवारी प्रिन्सिपल फादरच चॅपेलमधल्या लाकडी खणात बसतात, जाळीच्या अलीकडे गुडघे टेकून आपण आपलं पाप सांगायचं. तिथे ऐकलेलं फादर मेले तरी बाहेर काढत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. यांनाही ठाऊक होतं. पण यांची समजूत अशी, की दुसऱ्या कुणाला सांगणार नाहीत, पण स्वतः प्रिन्सिपल आहेत तर स्वतःच्या अधिकारात गुपचूप दुरुस्त करतील. म्हणजे पोराचं भलं होईल आणि मेमोही टळेल. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ते हे असं.

मी म्हटलं, अहो, जाळीपलीकडे जे ऐकतात ते प्रिन्सिपल नसतात. तिथलं ऐकून इथे बोट हलवायची त्यांना परवानगी नाही. तुम्ही त्यांच्या तोंडाला कुलूप घातलंत आणि आता सहा दिवस वाट बघताय की ते बोलतील! बरं, फादर काही म्हणाले का तिथे? तर म्हणे, जे दुरुस्त करता येईल ते दुरुस्त कर, असं म्हणाले. मग? तर म्हणे, मला वाटलं, त्यांना सांगितलं म्हणजे केलंच की दुरुस्त.

घड्याळात पावणेतीन झाले होते. मी चपला घातल्या, पाकीट उचललं आणि म्हटलं, चला. हे म्हणाले, क्वार्टर जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. भीती मलाही होती, खोटं कशाला सांगू. पण सात नंबरची चूक बगलेत मारून बोर्डात पोचवणाऱ्या माणसाचा डबा मला भरायचा नव्हता.

ऑफिसात फादरांच्या समोर केमिस्ट्रीचे सर बसले होते, सुटीतल्या जादा तासांचं काहीतरी ठरवत. हे दारातच थबकले. मी मागून पाठीला बोट टोचलं. हे आत गेले, पाकीट टेबलावर ठेवलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. आवाज इतका बारीक, की फादरांना दोनदा "मोठ्यानं" म्हणावं लागलं. फादरांनी जन्मात पहिल्यांदा ऐकत असल्यासारखं ऐकलं. कुठली बाटली, कुठला मुलगा, सील कधी फोडलं, एकेक विचारलं आणि कागदावर लिहून घेतलं. मग बोर्डाला फोन केला. पाकीट थांबलं. सोमवारी परीक्षक परत येतील, बांबूला नवी बाटली मिळेल, असं ठरलं. माझा जीव भांड्यात पडला.

पण सर भडकले होते. त्यांचंही बरोबर होतं, यादी त्यांची, लॅब त्यांची. ते ताडकन उठले.

"नऊ दिवस! नऊ दिवस तो पोरगा आंधळ्यासारखा फिरतोय. फादर रोज तुमच्यासमोरून जातात. त्यांना का नाही सांगितलंत?"

यांनी मान वर केली आणि फादरांकडे पाहिलं. फादर टेबलावरच्या कागदाकडे बघत होते. पेन धरलेली बोटं पांढरी पडली होती. मी मनात म्हटलं, बोला आता. सांगितलं होतं म्हणा. तुम्हाला बोलायची बंदी नाही, बंदी त्यांना आहे. निदान अर्धा दोष तरी उतरेल.

"नाही सांगितलं, सर," हे म्हणाले. "कुणालाच नाही सांगितलं. भ्यालो होतो."

मघाशी ज्यांना दोनदा "मोठ्यानं" म्हणावं लागलं होतं, त्यांचं हे बोलणं बाहेर शिपायालाही ऐकू गेलं.

घरी येताना मी भांडलेच. एवढे दिवस भ्यालात आणि नेमकं जिथे तोंड उघडायचं तिथे मिटलंत, म्हटलं. हे चालता चालता थांबले. म्हणाले, मी सांगितलं होतं म्हणालो असतो, तर सर फादरांकडे वळले असते. फादरांना हो म्हणता आलं नसतं आणि नाहीही म्हणता आलं नसतं. सहा दिवस मी त्यांना तसंच ठेवलं होतं, अजून किती ठेवायचं?  मी त्यांच्या हातातली उन्हाची छत्री घेतली आणि चालायला लागले.

सोमवारी बांबू पास झाला. मंगळवारी तिसरा मेमो आला. सरांच्या तक्रारीवरून क्लार्कनं टाइप केलेला, की अटेंडंटनं गंभीर चूक केली आणि नऊ दिवस कुणालाही न सांगता लपवून ठेवली. सही प्रिन्सिपलांची लागते. मी इस्त्रीचे झगे द्यायला गेले तेव्हा तो कागद फादरांपुढे होता. "कुणालाही न सांगता" या शब्दांवर पेन टेकवून ते बसले होते, खोडावं की न खोडावं अशासारखे. क्लार्क म्हणाला, फादर, काही चुकलंय का? फादर म्हणाले, नाही, आणि सही केली. मग माझ्याकडे वळून काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि फक्त विचारलं, क्वार्टर रिकामं करायला महिना पुरेल का? मी पुरेल म्हटलं आणि झगे खुर्चीवर ठेवून बाहेर आले.