फुकटचा पेनड्राइव्ह

दुबईच्या करामा भागातल्या आमच्या घरात टीव्हीखाली एक खण आहे, त्यात फक्त पेनड्राइव्ह असतात. नवरा आयटीत. इथे कुठलंही प्रदर्शन भरलं की हा जातो आणि स्टॉलवाल्यांनी वाटलेले पेनड्राइव्ह खिसाभर घेऊन येतो. कुणी टाइल्सवाला, कुणी पाण्याचे फिल्टर विकणारा. पेनड्राइव्हवर बत्तीस, चौसष्ट जीबी असे मोठमोठे आकडे छापलेले असतात आणि याचा त्या आकड्यांवर फार विश्वास.

त्या शनिवारी संध्याकाळी पाचला माझा चाचणीचा तास होता. लग्नाआधी मी पुण्यात गणित शिकवायचे. इथे आल्यावर ते सुटलं ते सुटलंच. आता तिकडच्या एका ऑनलाइन क्लासने तासभर शिकवून दाखवा म्हटलं होतं. आवडलं तर नोकरी. मला ती नोकरी हवी होती, इतकी की आठवडाभर भाजी चिरतानाही मी अपूर्णांक मोठ्याने समजावत होते.

माझा जुना लॅपटॉप मधूनच निळा पडून बंद व्हायचा. सकाळी नवरा म्हणाला, "फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकतो. तासाभराचं काम." मी हो म्हटलं. त्याने खणातला एक पेनड्राइव्ह काढला, आपल्या ऑफिसच्या लॅपटॉपवरून त्यात विंडोज भरलं आणि तो माझ्या लॅपटॉपला लावला. जुनं सगळं पुसलं गेलं. नवीन निम्म्यावर आलं आणि एरर येऊन थांबलं.

मग दिवस असाच गेला. दुसऱ्या पोर्टला लावून बघितलं. सेटिंग बदललं. मागचं झाकण उघडून रॅम काढली, खोडरबराने घासून परत बसवली. पेनड्राइव्ह पुन्हा भरला. दर वेळी टक्के चढायचे, आमच्या माना पुढे जायच्या आणि मशीन आपलं आपणच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. सोफ्यावरून मुलगी सांगायची, "डॅडा, इट क्रॅश्ड अगेन." जसं काही आम्हाला दिसतच नव्हतं.

"पेनड्राइव्हच खराब असेल," मी म्हटलं. खणातल्याच एकावर मी बहिणीला फोटो भरून पाठवले होते, त्यातले निम्मे तिच्याकडे उघडलेच नव्हते.

"बत्तीस जीबीचा आहे गं. पेनड्राइव्हचा काय संबंध? तुझी हार्डडिस्क गेलीय."

"मग तुझा लॅपटॉप दे तासभर."

"ऑफिसचा आहे. पॉलिसीत बसत नाही."

त्यावरून पेनड्राइव्ह भरणं मात्र पॉलिसीत बसत होतं. पण भांडायलाही ताकद लागते, आणि मला ती पाचपर्यंत पुरवायची होती. मुलीच्या टॅबवर क्लासवाल्यांचा ऑनलाइन फळा उघडत नव्हता. दुपारी आम्ही सकाळचेच पोहे गार खाल्ले.

ताटल्या तशाच ठेवून मी खाली उतरले आणि मोबाईलच्या दुकानातून बंद पाकिटातला पेनड्राइव्ह आणला. दुकानदार "ओरिजिनल है, मॅडम" म्हणाला, तरी मी बिल मागून घेतलं. वर येऊन तो नवऱ्यापुढे ठेवला. त्याने सुस्कारा टाकला. "अजून एकदाच, मग खलास," म्हणाला आणि भरायला घेतला.

या वेळी टक्के चढले ते चढतच राहिले. निम्मं ओलांडलं. शंभर झाले.

"बघ," नवरा म्हणाला, "रॅम पुसल्याचा फरक पडला."

मला आनंद व्हायला हवा होता. झालं इतकंच, की पाठ केव्हापासून दुखतेय ते कळलं.

स्क्रीनवर प्रश्न आला: हा कॉम्प्युटर कोण वापरणार? खाली नाव लिहायला एक चौकोन. नवऱ्याची बोटं क्षणभरही अडली नाहीत. त्याने स्वतःचं नाव टाकलं.

"हे काय लिहिलंस?"

"अगं, सवयीने. नंतर बदलता येतं सेटिंग्जमधून."

तो खोटं बोलत नव्हता. सवयच ती. घराचा करार त्याच्या नावावर, वीजबिल त्याच्या, माझा व्हिसा त्याच्यामुळे, माझ्या फोनचं सिमसुद्धा त्याचंच. इतकी वर्षं मी त्यावर काही म्हटलं नव्हतं, आणि तेव्हाही राग आला नाही, फक्त फार दमल्यासारखं झालं. नंतर बघू म्हणत म्हणतच मी इथवर आले होते.

"ऊठ," मी म्हटलं.

पाच वाजायला थोडाच अवकाश होता. मी खुर्चीत बसले, त्याचं नाव एकेक अक्षर खोडलं आणि माझं लिहिलं.