ताटातलं तळं

डोंगरावरच्या तळ्यापर्यंत बस जात नाही. ती राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी उतारावर थांबते, चाकाखाली दगड लागतो आणि प्रवासी पायवाटेने तळ्याकडे निघतात. ड्रायव्हरने मात्र गाडी सोडायची नाही. एकदा एक गाडी आपली आपण घरंगळली होती, तेव्हापासूनचा हा नियम.

आता नियम पाळला म्हणून कोणी लाजतं का? पण नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात बायकोने कौतुकाने विचारलं, "अहो, कसं आहे हो तळं?" आणि 'मी फाटकाशी डुलक्या काढतो' म्हणायला आमच्या ड्रायव्हरची जीभ रेटेना. परतणाऱ्या प्रवाशांचं जे कानावर पडलं होतं, ते त्याने तिखटमीठ लावून सांगितलं. मग काय, रोजच जेवताना तळं वाढलं जाऊ लागलं. आज पाणी हिरवं, आज धुकं, आज बदकं आली. बाई हातातला घास तसाच धरून ऐकायची.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या फेरीला तिने हट्टच धरला, "मला दाखवा तरी!" तिला घेऊन बस घाट चढू लागली. तिच्याशी तो खोटं बोलला असेल तर एवढं एकच, आणि आज पितळ उघडं पडणार होतं.

फाटकाशी सगळे उतरले. ती म्हणाली, "चला."

तो स्टिअरिंग धरून बसून राहिला. "अगं, मला नाही येता येत. मी कधी गेलोच नाही."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"शेजारीण जाऊन आली तेव्हा घोट्यापर्यंत चिखलाने माखली होती. तुमचे बूट मीच पुसते ना? नुसती धूळ!"

"मग बोलली का नाहीस?"

"दिवसभर मुखदुर्बळ असणारा माणूस तेवढ्यापुरता बोलता व्हायचा. मला फार गोड वाटायचं ते. मी कशाला मोडता घालू?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि हलकंही वाटलं. तिने त्याला सीटवरून उठवलं आणि स्वतः तिथे बसली. "ब्रेक कुठला ते दाखवा. काही झालं तर हॉर्न वाजवीन. जा आता."

तो गेला. बऱ्याच वेळाने परत आला तेव्हा धापा टाकत होता, डोळे भरलेले.

"कसं आहे हो?"

त्याने दोनदा तोंड उघडलं. इतकी वर्षं रंगवून सांगणाऱ्याला आज एक शब्द सुचेना.

"तू जाऊन ये," शेवटी तो म्हणाला. "मी थांबतो गाडीपाशी. आज जेवताना तू सांग."